सरकत्या झाकणाखालचा भोवरा

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील या गावाच्या स्थानकातून एखादी गाडी न थांबता जाते, तेव्हा फलाटावरचा धुरळा आणि कागदाचे कपटे तिच्यामागे धावू लागतात. इंजिन पुढची हवा बाजूला सारते हे खरेच. पण डब्यांच्या लांबलचक भिंतीही लगतची हवा ओढून नेतात. भिंतीला चिकटलेला थर भिंतीच्याच वेगाने जातो आणि श्यानतेमुळे, म्हणजे द्रवाच्या वा वायूच्या अंतर्गत घर्षणामुळे, ती ओढ शेजारच्या थरांपर्यंत पोहोचते.

फलाटावरच्या हवेला पसरायला मोकळे रान असते. तिला कोंडले तर काय होईल, हा प्रवाहाचे संगणकीय गणित करणाऱ्यांचा आवडता प्रश्न आहे. एक चौरस पेटी द्रवाने काठोकाठ भरायची. तळ व बाजू स्थिर ठेवायच्या आणि वरचे झाकण एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकवत राहायचे. झाकणाखालचा द्रव समोरच्या भिंतीवर अडतो, खाली वळतो आणि तळाने परत येतो. मध्ये एक मोठा भोवरा आणि खालच्या कोपऱ्यांत उलट फिरणारे छोटे भोवरे तयार होतात. भोवऱ्यांचे रूप रेनॉल्ड्स अंकावर ठरते. दहा सेंटीमीटर बाजूच्या पेटीत पाणी असेल आणि झाकण सेकंदाला एक सेंटीमीटर सरकत असेल, तर हा अंक सुमारे १,००० येतो.

एवढ्या साध्या पेटीचे गणितही कागदावर सुटत नाही. नेव्हिए-स्टोक्स समीकरणांत वेग व दाब दोन्ही अज्ञात असतात, आणि न दबणाऱ्या द्रवाच्या दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नसते. या अडचणीतून व्यवहार्य वाट काढणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सुहास पाटणकर यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी घेतली, १९६४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि १९६७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पीएच.डी. मिळवली. तेथील ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत 'सिम्पल' या नावाने ओळखली जाते. पेटीची बारीक घरांत विभागणी करायची, दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचे. मग प्रत्येक घराचा जमाखर्च तपासायचा: आत आले तेवढे द्रव्य बाहेर गेले का? तफावत उरली तर त्या प्रमाणात दाब दुरुस्त करायचा आणि पुन्हा गणित मांडायचे. त्यांचे १९८० चे पाठ्यपुस्तक या विषयात जगभर वापरले गेले.

मात्र जमाखर्च जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असे नाही. येथेच पेटीचा खरा उपयोग होतो. सिनसिनाटी विद्यापीठातील उर्मिला घिया, कीर्ती घिया व सी. टी. शिन यांनी १९८२ मध्ये या पेटीचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध केले. झाकण उजवीकडे सरकत असता, रेनॉल्ड्स अंक १०० असेल तर भोवऱ्याचे केंद्र डावीकडून सुमारे ६२ टक्के अंतरावर व तळापासून ७३ टक्के उंचीवर असते. अंक १,००० झाला की ते जवळजवळ मध्यभागी, ५३ व ५६ टक्क्यांवर उतरते. तळाजवळचा परतीचा वेग झाकणाच्या वेगाच्या ३८ टक्क्यांपर्यंत जातो. यासाठी त्यांनी १२९ गुणिले १२९ बिंदूंची जाळी वापरली होती. नवी संगणकप्रणाली लिहिणारा विद्यार्थी आजही आपले आकडे या तक्त्याशी ताडून पाहतो.

जाळी विरळ असेल आणि प्रवाह जिकडून येतो तिकडचाच वेग हिशेबात धरण्याची सोपी रीत वापरली असेल, तर गणित विनातक्रार पूर्ण होते, भोवराही देखणा दिसतो. पण परतीचा वेग ३८ टक्क्यांपेक्षा बराच कमी भरतो. त्या रीतीने द्रवात नसलेली खोटी श्यानता गणितात शिरलेली असते. चित्र पाहून ती कळत नाही, तक्त्यामुळे पकडली जाते. एखाद्या पंपाचे किंवा विमानाच्या पंखाचे गणित याच प्रणालीने करायचे असेल, तर हा दोष आधीच कळलेला बरा.

तक्त्यालाही मर्यादा आहेत. तो जाडी नसलेल्या, केवळ द्विमितीय पेटीचा आहे. खऱ्या पेटीला पुढची व मागची भिंत असते आणि तेथील प्रवाह अधिक गुंतागुंतीचा होतो. शिवाय त्यात १०,००० रेनॉल्ड्स अंकापर्यंतचे स्थिर प्रवाह दिले आहेत. नंतरच्या गणितांनुसार सुमारे ८,००० च्या पुढे द्विमितीय भोवराही स्थिर राहत नाही, ठरावीक लयीत हेलकावू लागतो. म्हणून तपासणीसाठी बहुधा १०० आणि १,००० याच अंकांचे रकाने उघडले जातात.