गोगलगायीनंतरची कात्री

मत्स्यटाकीतल्या छाटणीचा इतिहास गोगलगायीपासून सुरू होतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडलेल्या प्रयोगात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. पाने कुजून पाणी बिघडले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली.

पुढे हे काम लांब दांड्याच्या कात्रीकडे आले. पेऱ्याच्या वर कापले की खालच्या खोडाला धुमारे फुटतात. पण कापलेला तुकडाही पेऱ्यातून मुळे धरतो. आपल्या तळ्यांतही आढळणारी हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि अशाच तुकड्यांनी पसरत तिने तिथले जलमार्ग अडवले.

म्हणून शेलूबाजारातल्या घरच्या टाकीतली छाटणही नाल्यात टाकू नये. उन्हात कडकडीत वाळवून खतात घालावी.