करवंटीचा अर्धवटराव

माझी आणि अर्धवटरावांची पहिली भेट झाली ती लालबागच्या एका चाळीत, 1979 च्या मे महिन्यात. मी तेव्हा दहा वर्षांचा. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं. सिंधुदुर्ग जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा कारभार रत्नागिरीचाच. गावात वीज होती म्हणायची ती बाजाराच्या नाक्यावर आणि दोन-चार घरांत. आमच्या घरात कंदील. काको मुंबईला गिरणीत होता. त्या वर्षी मला सुट्टीत तो सोबत घेऊन गेला. लाल डब्यातून रात्रभर उलट्या करत मी मुंबईला पोचलो.

चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. लाकडी पेटीसारखा, पुढे दोन सरकती दारं, त्या दारांना कुलूप. संध्याकाळ झाली की घरातली बाई किल्ली घेऊन यायची, दारं सरकवायची आणि चाळीतली सगळी पोरं चपला बाहेर काढून खोलीत दाटीनं बसायची. मोठी माणसं गॅलरीतून, खिडकीच्या गजांतून बघायची. मुंबईला टीव्ही सुरू होऊन तेव्हा साडेसहा वर्षं झाली होती. दिल्लीत 1959 सालीच आला होता, मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. चित्र काळं-पांढरं. पोरांसाठी 'किलबिल' असायचं, शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं'. आम्ही खेडवळ पोरं, पण ते शेतीचं लागलं की आम्हीच जास्त कंटाळायचो.

एका संध्याकाळी पडद्यावर एक गृहस्थ आले. त्यांच्या मांडीवर एक बाहुला. गोल डोळे, आणि तोंड अगदी माणसासारखं उघडमीट करणारं. गृहस्थ म्हणजे रामदास पाध्ये आणि बाहुला म्हणजे अर्धवटराव. पाध्ये काही विचारायचे आणि अर्धवटराव असं तिरकं उत्तर द्यायचा की खोलीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची. त्याची बायको आवडाबाई. त्या दोघांचं भांडण बघून खिडकीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मात्र हसलो नाही. मी पाध्यांच्या ओठांकडे बघत होतो. ते हलत नव्हते. मग बोलत होतं कोण?

रात्री काकोला विचारलं तर तो म्हणाला, ''पोटातसून बोलता तो.'' मी दोन दिवस पोटातून बोलायचा प्रयत्न केला. पोट दुखलं, आवाज आला नाही.

पुढे मोठेपणी कळलं ते असं. या कलेला शब्दभ्रम म्हणतात. आवाज पोटातून येत नाही, घशातूनच येतो. ओठ न हलवता तो असा काढायचा की ऐकणाऱ्याचा कान फसावा. कानाला आवाजाची जागा नीट कळत नाही, म्हणून तो डोळ्यांना विचारतो. आणि डोळ्यांना तर बाहुल्याचं तोंड हलताना दिसत असतं. अर्धवटराव ही रामदास पाध्यांच्या वडिलांची, यशवंत पाध्यांची निर्मिती, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. आपल्याकडे शब्दभ्रम रुजवला तो त्यांनीच. रामदास पाध्ये शिकले इंजिनिअर व्हायला, पण 1967 पासून त्यांनी वडिलांचा बाहुला हातात घेतला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच, आणि 1993 च्या 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. चाळीतल्या त्या खोलीत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक झालं की निर्जीव वस्तू बोलू शकते, आणि ते मी गावात जाऊन सगळ्यांना सांगायचं आहे.

गावात आलो आणि सांगितलं. कोणी विश्वास ठेवीना. मग दुकानातून साबणाचं रिकामं खोकं मागून आणलं, एक बाजू कापली, आणि झाला टीव्ही. अर्धवटराव करायला नारळाची करवंटी घेतली. वरची करवंटी म्हणजे तोंड, तिच्याखाली अर्धा तुकडा म्हणजे जबडा, सुतळीनं बांधलेला. कोळशानं डोळे काढले. पण जबडा काही ऐकेना. सुतळी ओढली की तो उघडायचा आणि तसाच आ वासून राहायचा. पोरं म्हणायची, ''तुझो अर्धवटराव मेलो रे.''

अशा दिवसांत नवरात्र आलं आणि देवळात पिंगुळीचे ठाकर आले.

पिंगुळी हे कुडाळजवळचं गाव. तिथल्या ठाकर समाजाकडे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी अशा कला कितीतरी पिढ्या चालत आलेल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. आजो सांगायचा की कुठल्या घराण्यानं कुठल्या गावच्या देवळात खेळ करायचा हे ठरलेलं असे, आणि आमच्या देवळात त्याच्या लहानपणापासून एकच घराणं येत होतं. सूत्रावर नाचणाऱ्या बाहुल्याचा दृष्टान्त ज्ञानेश्वरीतसुद्धा आहे. म्हणजे तेराव्या शतकातल्या ऐकणाऱ्यालाही तो समजावून सांगावा लागत नव्हता.

रात्री गॅसबत्ती पेटली. पडदा लागला, टाळ वाजू लागले, आणि एकेक बावलं दोऱ्यांवर डुलत पुढं आलं. राम, लक्ष्मण, सीता. हलक्या लाकडाची, रंग उडालेली. म्हातारा ठाकर मागून गात होता, सगळ्यांची बोलणी तोच बोलत होता. रावणासाठी त्याचा आवाज असा खाली जायचा की आमच्या पुढं बसलेल्या बायका पोरांना जवळ ओढायच्या. दर वर्षी मीसुद्धा आवशीला चिकटायचो. त्या वर्षी नाही. मी मुंबई बघून आलो होतो. रावण सीतेला दरडावत होता, देऊळ चिडीचूप, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, ''हेचा तोंड हलना नाय!''

आधी माझ्या बाजूची पोरं हसली. मग मागची. मग काही मोठी माणसंही. पडद्यामागचा आवाज क्षणभर थांबला. फार नाही, एक श्वास घ्यावा इतकाच. मग रावण पुढे बोलू लागला. पण पोरांना खूळ लागलं होतं. प्रत्येक बावलं आलं की कोणीतरी तेच म्हणायचं आणि हशा पिकायचा. आजोनं उठून माझा कान धरला आणि मला बाहेर काढलं. घरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मार परवडला असता.

सकाळी तो म्हातारा आमच्या अंगणात उभा. मला वाटलं, गाऱ्हाणं घेऊन आला. मी कणग्याच्या मागं लपलो. पण तो शिधा न्यायला आला होता, तांदूळ आणि दोन नारळ, दर वर्षीसारखा. आवशी शिधा आणायला आत गेली. ओसरीवर माझं खोकं पडलं होतं, त्यात आ वासलेला अर्धवटराव. म्हाताऱ्यानं तो उचलला. जबडा दोनदा वरखाली करून बघितला. मग मी जिथं लपलो होतो तिकडे बघून म्हणाला, ''हय ये रे झिला. कोणी केल्यान ह्या?''

मी गेलो. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यानं कमरेची छोटी सुरी काढली आणि जबड्याची भोकं थोडी मागं घेतली. अंगणातला एक खडा उचलून जबड्याच्या खाली बांधला. सुतळी आतून वर घेतली. ''आता बघ,'' म्हणाला. सुतळी ओढली की तोंड मिटत होतं. सोडली की खड्याच्या वजनानं आपोआप उघडत होतं. मी महिनाभर उलटी गोष्ट करत होतो. उघडायला जोर लावत होतो, आणि जोर लागत होता तो मिटायला.

मला इतका आनंद झाला की मी रात्रीचं विसरलो. म्हाताऱ्यानं करवंटी काठीवर बसवली, काठी बोटांत धरली आणि अगदी सावकाश बाहुल्याची मान माझ्याकडे वळवली. तोंड मिटलेलंच होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. करवंटी माझ्याकडे बघत होती.

''तोंड कोणय हलयत,'' तो म्हणाला. ''मान हलव. मान हलली काय लोकांका दिसता, ह्येणा आयकला.''

रात्रीबद्दल तो एवढंच बोलला, की त्याबद्दल नव्हतंच ते, मला आजवर ठरवता आलेलं नाही. शिधा घेऊन तो गेला.

पुढं मी मुंबईला गेलो तेव्हा त्या कुलपाच्या टीव्हीवर अर्धवटराव पुन्हा बघितला आणि या खेपेस तोंडाकडे बघितलंच नाही. पाध्ये बोलत असले की अर्धवटराव मान वळवून त्यांच्याकडे बघायचा. मग मान आमच्याकडे. म्हणजे, बघा हा काय बोलतोय! हसू तिथं येत होतं, बोलण्याच्या आधी. म्हातारा टीव्हीवरचा बाहुला बघायला कधी गेला नव्हता, तरी त्याला ते ठाऊक होतं.

नंतरचं सगळं भराभर झालं. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काको गावाला परतला तो कायमचाच. त्याच वर्षी टीव्ही रंगीत झाला, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या बाजारातही आला. 1987 च्या जानेवारीत रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी टीव्हीला हार घातला जायचा, अगरबत्ती लागायची. त्या वर्षी नवरात्रात ठाकर आले तेव्हा देवळात वीसेक माणसं होती. लोक म्हणाले, ''रामायण दर रविवारी दिसताच मां.'' मी अठरा वर्षांचा होतो, गावातच होतो. मी गेलो नाही. कोणाच्या तरी घरी टीव्हीवर काहीतरी बघत बसलो होतो. काय ते आता आठवतही नाही. पुढच्या वर्षी म्हातारा आला नाही. त्याच्यामागून कोणीच आलं नाही.

टीव्हीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. माझ्या बालपणातल्या सगळ्यांत आनंदाच्या संध्याकाळी त्यानंच दिल्या. पाध्यांच्या घरात ती विद्या बापाकडून मुलाकडे आणि त्याच्याकडून नातवाकडे गेली, तशीच पिंगुळीतही जात होती. फरक एवढाच की एकाला खोकं मिळालं, आणि दुसऱ्याचं देऊळ त्या खोक्यानं रिकामं केलं. आणि ते रिकामं करणाऱ्यांत मी होतो. पहिला हसणारा मीच.

2021 साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी गुरांच्या गोठ्याच्या जागेत या कलेचं संग्रहालय उभं केलं आहे. बातमी वाचली आणि पुढच्या सुट्टीत पिंगुळी गाठली. भिंतीवर चित्रं, दोऱ्यांवर टांगलेली बावली, वीणा, हुडुक. तिथल्या एका तरुण मुलाला मी 1979 ची गोष्ट सांगितली, देवळात काय बोललो तेही. वाटलं, रागावेल. तो हसला आणि एक बावलं काढून दोऱ्या माझ्या हातात दिल्या. ''धरा,'' म्हणाला.

मी धरल्या. हात वर-खाली झाले, पाय नाचले. मान मात्र काही केल्या वळेना. एकदा छातीवर पडायची, एकदा आभाळाकडे जायची. बावन्न वर्षांचा मी आणि ते रंग उडालेलं बावलं, बराच वेळ एकमेकांशी झगडत उभे होतो. शेवटी त्या मुलानं माझ्या करंगळीतला एक दोर किंचित सैल केला. मान सावकाश वळली आणि बावलं माझ्याकडे बघू लागलं.