बी बोगस नव्हतं

2017 च्या दिवाळीत मी कॉलेजच्या सुट्टीला गावी आलो. आमचं गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्याजवळ. फाट्यावर एसटीतून उतरलो तर चहाच्या टपरीवर एकच विषय चालू होता, बोंडअळी. घरी आल्यावर बाबा मला सरळ शेतात घेऊन गेले. एक हिरवंगार, ठणठणीत दिसणारं बोंड त्यांनी तोडलं, अंगठ्याने दाबून फोडलं आणि माझ्यासमोर धरलं. आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. पाच-सहा बोंडांनंतर मीच म्हटलं, बाबा, राहू द्या.

"बियाणं बोगस निघालं," ते म्हणाले. "पिशवीवर बीटी लिवलंय अन् आत अळी निघतीय. बोगस नाय तर काय?"

कोणत्या कंपनीची पिशवी होती, हे सांगण्यात अर्थ नाही. गावात सहा-सात कंपन्यांचं बी पेरलेलं होतं आणि कमी-जास्त फरकाने सगळ्यांचं तेच झालं होतं. मला तिथेच शंका यायला हवी होती. सगळेच एकदम बोगस कसे निघतील? पण मी अकरावीला बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्स घेतलेला मुलगा. नोकरी लागल्यावर, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, मोबाईलवर मी पहिल्यांदा बायोलॉजी वाचायला लागलो, तीही बाबांच्या त्या एका वाक्यामुळे.

गोष्ट सुरू होते ती बोंडअळीच्या खूप आधी. आपला जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सेलू, परभणी, नांदेडवरून गेली आणि इथला कापूस बाहेर जायला लागला. तो कापूस म्हणजे गावरानी. काळ्या मातीत मुळं खोल सोडणारा, पावसाने ताण दिला तरी तग धरणारा, पण आखूड धाग्याचा. गिरण्यांच्या यंत्रांना हवा होता लांब धागा, आणि तो होता अमेरिकन कपाशीकडे.

मग दोघांचा सरळ संकर का नाही करायचा? इथे बायोलॉजीचा पहिला धडा येतो. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रं असतात, अमेरिकन कपाशीच्या पेशीत 52. प्रत्येक पालक आपली निम्मी गुणसूत्रं देतो, म्हणजे 13 आणि 26. लेकराकडे आली 39. बी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात आणि 39 च्या जोड्या नीट लागत नाहीत. झाड वाढतं, पण वांझ राहतं. दोन वेगळ्या जाती म्हणजे काय, याची व्याख्या मी पाठ केली होती. ती खरी समजली ती या बेरजेतून. गंमत म्हणजे अमेरिकन कपाशी स्वतःच अशा एका संकरातून आली आहे. सुमारे 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कपाशीच्या नात्यातली एक आणि अमेरिकेतली रानटी एक, अशा दोन जाती एकत्र आल्या आणि गुणसूत्रं दुप्पट झाली. दुप्पट झाल्यामुळे प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि वांझपणा गेला.

त्यामुळे सोपा रस्ता होता तो अमेरिकन कपाशीचा अमेरिकन कपाशीशीच संकर. 1970 साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-4' काढलं. व्यापारी पातळीवर पेरलेलं कपाशीचं हे जगातलं पहिलं संकरित वाण. कपाशीच्या फुलात नर आणि मादी भाग एकत्र असतात. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, तिचे पुंकेसर हाताने काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एकेका फुलाला हे दोनदा. हे काम बहुतेक बायांनी आणि पोरींनी केलं, आजही त्याच करतात. देशातल्या बियाणे उद्योगाचं एक मोठं केंद्र आपल्या शेजारीच, जालन्यात उभं राहिलं. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको सुरू केली. 1980 च्या दशकात नांदेडच्या केंद्रातून आलेलं 'एनएचएच-44' तर दूरदूरपर्यंत पोचलं.

संकरित झाडाचा जोम मोठा असतो, पण तो पुढच्या पिढीत टिकत नाही. घरची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर गुण विखुरतात, एक झाड उंच, एक खुजं. म्हणून दर जूनला नवी पिशवी. माझ्या आजीच्या काळात बी घरात असायचं, बाबांच्या काळात ते दुकानात गेलं.

आता बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जीवाणू. 1901 मध्ये जपानच्या इशिवाताला तो मेलेल्या रेशीम किड्यांत सापडला, पुढे जर्मनीत बर्लिनरने त्याला नाव दिलं. तो एक प्रथिन बनवतो. अळीच्या आतड्यात आम्लाऐवजी अल्क असतं. तिथे ते प्रथिन विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या एका विशिष्ट जागेला चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. कुलूप-किल्लीसारखं प्रकरण आहे. आपल्या आतड्यात ते कुलूप नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. या प्रथिनाचा जनुक कपाशीत घातला आणि 2002 साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पहिली काही वर्षं खरंच फवारण्या कमी झाल्या. बाबा अजूनही त्या वर्षांबद्दल बोलतात. घराला स्लॅब पडला तो तेव्हाचाच. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बीटी आलं.

पण अळी आपल्या जागी होतीच. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं 1840 च्या दशकात, तेही भरूचच्या कपाशीतल्या किड्यांवरून. म्हणजे ती आपल्याकडे जुनी. करोडो अळ्यांमध्ये एखादीचं ते कुलूप जन्मतःच बिघडलेलं असतं. तिने काही शिकून घेतलेलं नसतं, नुसती नक्कल करताना झालेली चूक. बीटी नसताना त्या चुकीचा काही फायदा नाही. पण शेकडो मैल फक्त बीटीच पेरलं, तर बाकीच्या मरतात आणि हीच उरते. तिला हंगामात चार-पाच पिढ्या मिळतात. मी दहावीला गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांच्या चोची पाठ केल्या होत्या. तेच सगळं बांधाच्या आत चालू होतं.

यावर उपाय ठरवून दिलेला होता. बिघडलेलं कुलूप आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच अळी वाचते. एकाकडूनच मिळालं तर मरते. म्हणून कडेला थोडी बिगर-बीटी कपाशी ठेवायची. तिच्यावर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग वाचलेल्या पतंगांशी जुळतील आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतील. म्हणून 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट यायचं, कमीत कमी पाच ओळी लावा असं सांगून. आमच्या घरी ते पाकीट कुठे जायचं, मला आठवतं. म्हशीच्या आंबोणात. चार एकरवाल्याने पाच ओळी अळ्यांसाठी सोडाव्यात, हे कोणी कधी नीट समजावून सांगितलंच नाही. आणि सांगितलं असतं तरी शेजाऱ्याने लावल्या नाहीत तर आपल्या वाया, हे सगळ्यांनाच कळतं. मी बाबांना दोष देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट वाचल्यावर मात्र मी रात्री खोलीत येरझाऱ्या घातल्या. आपलं बीटी संकरित असतं. जनुक एकाच पालकाकडून आला असेल, तर झाडाकडे त्याची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडात सरकी तयार होते ती पुढची पिढी असते, आणि तिथे मेंडेलचं प्रमाण लागू होतं. 3 दाण्यांत विष, 1 दाणा बिनविषाचा. दोन जनुकांचं बीटी असेल तर 16 पैकी 9 दाण्यांत दोन्ही, 6 मध्ये एकेक, 1 मध्ये काहीच नाही. गुलाबी अळी पान खात नाही, ती नेमकी सरकी खाते. एकाच बोंडात एक दाणा साधा, एक अर्धा, एक पूर्ण विषारी. प्रतिकार हळूहळू वाढवायला यापेक्षा चांगली सोय मुद्दाम केली असती तरी जमली नसती. त्यात आपली फरदड. डिसेंबरनंतरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवायची, म्हणजे अळीला जानेवारी-फेब्रुवारीतही घर.

2010 मध्ये गुजरातमधल्या अळ्यांत पहिल्या प्रथिनाचा प्रतिकार जाहीर झाला. 2015 च्या आसपास दुसऱ्याचा. 2017 ला ती आमच्या शेतात होती. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरित कपाशीची दुसरी पिढी पेरली, त्यात आपोआप चौथा हिस्सा झाडं बिगर-बीटी निघाली आणि अळीचा प्रतिकार मागे गेला. अमेरिकेने वांझ पतंग सोडून, सगळे उपाय एकत्र लावून 2018 मध्ये या अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. अर्थात तिथली शेतं किती मोठी आणि मालक किती थोडे, हे लक्षात घेऊनच ते वाचावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात हे सगळं मी बाबांना सांगितलं, बाजेवर बसून, वहीत चौकोन काढून. 3 आणि 1 वर ते थांबले.

"मंजे एकाच बोंडात?"

"एकाच बोंडात."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग त्या साली मी दुकानदाराला उगंच शिव्या देल्या."

आता वेगळं पाकीट येत नाही, बिगर-बीटी दाणे त्याच पिशवीत मिसळलेले असतात, म्हणजे म्हशीला टाकायची सोयच राहिली नाही. परभणीच्या मेहबूब बागेत, कृषी विद्यापीठाच्या कापूस केंद्रात, लांब धाग्याच्या देशी कपाशीवर काम झालंय. 'पीए 255' हे त्यातलंच एक वाण. बाबांनी निम्म्या रानात सोयाबीन केलंय. उरलेल्यात कपाशी आहे, कामगंध सापळे लावलेत, आणि डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची असं ठरलंय. सापळ्यात किती पतंग पडले ते बाबा मला व्हॉट्सअपवर रोज सकाळी पाठवतात, नुसता आकडा. आज 7 आला.