मनुष्यबळ विश्लेषक

कोणत्या वेळी किती माणसे कामावर हवीत, याचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ. कॉल सेंटर, रुग्णालये आणि विमान कंपन्यांना त्याची गरज भासते.

या कामाची गणिती मुळे कोपनहेगनमध्ये आहेत. तिथल्या टेलिफोन कंपनीतील आग्नर एरलांग (1878–1929) याने 1909 आणि 1917 मध्ये फोनच्या गर्दीवर शोधनिबंध लिहिले. त्याची सूत्रे आजही वापरात आहेत.

समजा, अर्ध्या तासात 100 फोन आले आणि प्रत्येक 3 मिनिटे चालला. सरळ भागाकाराने 10 माणसे पुरावीत. पण फोन रांगेने येत नाहीत, झुंडीने येतात. 10 माणसांवर रांग वाढतच जाते. 80 टक्के फोन 20 सेकंदांत उचलायचे, तर 13-14 जण लागतात. त्यात रजा, जेवण, प्रशिक्षण यांची भर पडते.

एक्सेल, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र विश्लेषकाला यावेच लागते. दिवाळीत मागणी कशी बदलते, हेही जुन्या नोंदींतून ओळखावे लागते. मात्र खरी कसोटी पाळ्या लावताना लागते: रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी दिली, तर आकडा जुळतो, पण माणूस थकतो. चांगला विश्लेषक विश्रांतीचे तास आधी राखून ठेवतो, मग उरलेल्या तासांत कामाची वाटणी करतो.