तसबिरीतली पगडी काळी का?

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माजघराच्या दारावर एखादी जुनी तसबीर टांगलेली असते. खापरपणजोबा खुर्चीत ताठ बसलेले. एक हात टेबलावर, पायांत जोडे, अंगात अंगरखा आणि डोक्यावर पगडी. पगडी काळी कुळकुळीत. घरातली म्हातारी मात्र सांगते, "अरे, त्यांची पगडी लाल होती. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं." मुले हसतात. म्हातारीचे ऐकावे, की डोळ्यांसमोरच्या फोटोचे?

तर बरं का, या वादात पुष्कळदा म्हातारीच जिंकते. फोटो काही मुद्दाम खोटे बोलत नाही. पण त्याला सगळे दिसतही नाही. जुन्या फोटोतला माणूस असा का दिसतो, त्याने तेच कपडे का घातले, हे समजून घ्यायचे तर आधी त्या काळच्या काचेचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

फोटोची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जगापुढे आली. दागेर याच्या त्या पहिल्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. एका वेळी एकच चित्र, त्याची दुसरी प्रत निघत नसे. पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. मग त्या एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येत. इथून फोटो सरदार-दरकदारांच्या वाड्यातून हळूहळू बाहेर पडला.

पण या काचेत एक वैगुण्य होते. तिला निळा आणि जांभळा प्रकाश चांगला दिसे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर अंधारखोलीत पिवळा-तांबडा दिवा लावून कारागीर खुशाल काम करीत. आता विचार करा. निळ्या रंगाचे लुगडे फोटोत पांढुरके येणार. लाल पगडी काळी येणार. हळदीच्या रंगाचा शालू गडद, आणि कपाळावरचे कुंकू म्हणजे काळा ठिपका. १८७३ साली बर्लिनच्या फोगेल या शास्त्रज्ञाने काचेवरच्या लेपात विशिष्ट रंग मिसळून तिला हिरवे-पिवळे दिसेल अशी युक्ती शोधली. तांबडे नीट पाहणाऱ्या काचा मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्या. तोवर आपल्या पणजोबांची पगडी काळीच राहिली.

आणि गोष्ट पगडीपुरती नव्हती. आपला सावळा, तांबूस वर्णही त्या काचेला नीट दिसत नसे. माणूस असेल त्याहून काळा उमटे. त्यात त्याने परीटघडीचे पांढरेशुभ्र धोतर आणि अंगरखा घातला, की फोटोवाल्याची पंचाईत! चेहऱ्यापुरता प्रकाश घ्यावा, तर कपड्याच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरे. कपडा सांभाळावा, तर चेहरा काळोखात जाई. म्हणून तेव्हाचे विलायती फोटोवाले गिऱ्हाइकाला आधीच बजावीत, की पांढरे नको, फिके निळे नको, मोठ्या चौकडीचे नको. अंगावर नीट चुण्या पडतील असे गडद वस्त्र नेसा.

शिवाय हलायचे नाही! काचेवर प्रकाश पडायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू लावीत. वाऱ्याने पदर हलला तरी तो धुरकट उमटे. जुन्या फोटोत माणसे हसत नाहीत, गंभीर दिसतात, याचे एक कारण हे. दुसरे कारण असे, की लोकांनाच हसायचे नसे. जन्मात एकदाच निघणारी तसबीर. तीत खिदळायचे कसे?

मुंबईत ही विद्या लवकर आली. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या आपल्या माणसांनी मुंबईत फोटोचा धंदाही सुरू केला. तिकडे हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथले सारे काम एक इंग्रज बाई पाहत असे. परपुरुषाच्या नजरेस न पडता स्त्रीला आपली तसबीर काढून घेता आली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे.

पुढे तालुक्याच्या गावीही स्टुडिओ निघाले. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी, टेबलावर पुस्तक नाहीतर घड्याळ. खुंटीला एक कोट अडकवलेला. जो येईल त्याने तो अंगात घालावा आणि फोटो झाला की परत टांगावा. या कोटाला आपण हसतो. पण मंडळी, मला वाटते, या कोटाला हसू नये. का, ते सांगण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल.

१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी या फोटोवाल्याने भेटीच्या कार्डाएवढ्या लहान फोटोचा हक्क नोंदवला. एकाच काचेवर अनेक फोटो उमटत, त्यामुळे किंमत उतरली. हे कार्ड अमेरिकेत पोचले तेव्हा तिथे गुलामगिरीचा प्रश्न पेटला होता. सोजर्नर ट्रूथ ही कृष्णवर्णी स्त्री गुलामीत जन्मली आणि १८२६ मध्ये मालकाच्या घरातून बाहेर पडली. लिहिता-वाचता येत नसताना तिने गावोगाव भाषणे करून गुलामगिरीवर आसूड ओढले. १८६० नंतरच्या दशकात तिने आपले फोटो काढून घेतले, आणि त्या कार्डांच्या विक्रीवर आपला व आपल्या कार्याचा खर्च चालवला. १८६४ साली तिने फोटोचा हक्कही आपल्या नावे नोंदवला. जिचे शरीरच एके काळी दुसऱ्याच्या मालकीचे होते, तिने आपल्या चेहऱ्याची मालकी अशी कायद्याने मिळवली!

आणि त्या फोटोत ती कशी आहे? साधा पण नीटनेटका गडद झगा, खांद्यावर पांढरी शाल, डोक्याला पांढरी टोपी आणि पुष्कळदा हातात लोकरीचे विणकाम. ना साखळदंड, ना फाटके वस्त्र. लोकांची कीव मिळवायची असती, तर फाटके वस्त्र अधिक उपयोगी पडले असते. तिला कीव नको होती, मान हवा होता.

तिचा समकालीन फ्रेडरिक डग्लस हा १८३८ साली गुलामीतून निसटला. मोठा वक्ता, लेखक. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ज्यांचे सर्वांत जास्त फोटो निघाले त्यांत त्याची गणना होते. दीडशेहून अधिक फोटोंची नोंद आहे. बहुतेकांत उत्तम शिवलेला कोट, पांढरी कॉलर, करारी नजर. कृष्णवर्णी माणसाची हास्यास्पद चित्रे तेव्हा वर्तमानपत्रांत सर्रास छापत. त्या चित्रांना डग्लसने आपल्या फोटोने उत्तर दिले. फोटोच्या सामर्थ्यावर त्याने व्याख्यानेही दिली आहेत.

याच अमेरिकेत १८८३ साली आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला गेल्या. वय अवघे अठरा. जाण्यापूर्वी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी भर सभेत सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबुली. तिघी एकाच शाळेत, एकच विद्या शिकणाऱ्या. पण आनंदीबाई साडीत, ओकामीबाई किमोनोत आणि इस्लांबुलीबाई आपल्या देशाच्या पेहरावात. विद्या परदेशची घेऊ, पण आम्ही कोण ते विसरणार नाही, असे तो फोटो न बोलता सांगतो.

यात एक बारकावा आहे. अमेरिकेतल्या थंडीत नऊवारीने पाय झाकले जाईनात, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती धर्तीने साडी नेसायला सुरुवात केली होती. म्हणजे वस्त्र आपले ठेवले, नेसण्याची तऱ्हा गरजेप्रमाणे बदलली. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या हातून रुग्णसेवा घडायची राहिली; ती तसबीर मात्र राहिली, आणि तिने किती मुलींना शाळेची वाट दाखवली असेल!

आता कुणी म्हणेल, आनंदीबाईंनी आपला वेष राखला तो स्वाभिमान, आणि खुंटीवरचा कोट चढवला ते अनुकरण. इतके सोपे नाही ते. आपला वेष राखण्यात अभिमान कुणाला वाटेल? ज्याला तो वेष मानाने मिळाला त्याला. ज्याच्यावर वेष लादला गेला, त्याचे काय?

आपल्याकडे कोणत्या जातीने काय नेसावे, कोणते दागिने घालावेत, याचे रूढ निर्बंध होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, ते त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. तिकडची बेडी आणि इकडची बेडी एकाच जातीची, हे त्यांनी ओळखले होते. ही बेडी कपड्यातही होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले, तेव्हा त्यांनी लुगड्याचा विषय काढला. वरच्या वर्गातल्या बायकांप्रमाणे पाय झाकतील असे लुगडे नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे ते जड गोट-पाटल्यांचे ओझे टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आणि बायकांनी ते लगोलग अमलात आणले. बाबासाहेबांच्या तसबिरीतला कोट-टाय या संदर्भात पाहावा. पाठीशी पदव्या होत्या, विद्या होती. पण ज्या समाजाला चांगले वस्त्र अंगावर घालायची चोरी होती, त्याच्या डोळ्यांना तो कोट काय सांगत असेल, याची कल्पना करा. म्हणून म्हटले, खुंटीवरच्या कोटाला हसू नये. तो अंगात घालणाऱ्या एखाद्याने आयुष्यात प्रथमच, निदान पाच मिनिटे, स्वतःला हवे तसे पाहून घेतले असेल.

तेव्हा वाचकहो, फोटोतले कपडे तिघे मिळून ठरवीत आले आहेत. एक काच, जिला सगळे रंग दिसत नव्हते. दुसरा समाज, ज्याला सगळी माणसे सारखी दिसत नव्हती. आणि तिसरा तो माणूस, ज्याला पुढच्या पिढीने आपल्याला कसे पाहावे हे ठाऊक होते. पहिल्या दोघांची दृष्टी काळाने सुधारली, काचेची लवकर, समाजाची फार सावकाश. तिसऱ्याचे म्हणणे मात्र आपणच समजून घ्यायचे आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एक सांगणे आहे. मुलांना घरातली सर्वांत जुनी तसबीर पाहून यायला सांगा. अंगावर काय आहे? ते स्वतःचे की मागून आणलेले? हातात पुस्तक का दिले? आई-आजी कुठल्या कोपऱ्यात उभ्या आहेत, की फोटोतच नाहीत? आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, खरा रंग कोणता होता. त्या तसबिरीमागे तारीख, गाव आणि नावे पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवा. आज मोबाइलवर रोज शंभर फोटो निघतात; पण पगडी लाल होती हे सांगणारी म्हातारी रोज भेटत नाही. ती आहे तोवर तिला विचारून घ्या.