बॉम्बे रक्तगट

बॉम्बे रक्तगट (ओएच किंवा एचएच) हा एबीओ प्रणालीशी संबंधित अत्यंत दुर्मीळ रक्तगट आहे. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए व बी यांच्याबरोबर एच हा मूळ प्रतिजनही नसतो. भारतात याचे प्रमाण साधारणतः दहा हजारांत एक असे सांगितले जाते. कोकणातील रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कुटुंबांत तो तुलनेने अधिक आढळतो. एचएच या खुणेमुळे अनेकदा गल्लत होत असली, तरी आरएच निगेटिव्ह रक्ताशी त्याचा संबंध नाही.

शोध

मुंबईतील परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात व केईएम रुग्णालयात काम करणारे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी हा गट शोधला. तपासलेल्या काही व्यक्तींच्या पेशी अँटी-ए, अँटी-बी वा अँटी-एच यांपैकी कशानेही गोळा होत नव्हत्या; उलट त्यांच्या सीरममध्ये तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे होती. १९५२ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे सहलेखक लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स हे होते. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र जुनेच राहिले.

आनुवंशिकता

एच प्रतिजन तयार करण्यासाठी एफयूटी१ जनुकापासून बनणारे विकर शर्करासाखळीला फ्यूकोज जोडते. ए व बी प्रतिजन याच एच प्रतिजनावर रचले जातात. पाया नसल्यास ए किंवा बी जनुक शाबूत असूनही व्यक्त होत नाही. १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबात हे दाखवले : बॉम्बे गटाच्या आईकडून तिच्या मुलीला बी जनुक मिळाले होते. वरवर 'ओ' दिसणाऱ्या आईला 'एबी' मूल होऊ शकते, हे पालकत्वाच्या वादात फार महत्त्वाचे ठरते. आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यात हा गट येण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यांतील विवाहांत ती परिस्थिती अधिक संभवते.

तपासणी आणि रक्तसंक्रमण

केवळ अँटी-ए व अँटी-बी वापरून पेशी तपासल्यास उत्तर 'ओ' असेच येते, आणि धोका येथेच आहे. या व्यक्तीच्या सीरममधील अँटी-एच शरीराच्या तापमानालाही सक्रिय असते. ओ गटाचे रक्त दिल्यास दात्याच्या तांबड्या पेशी वेगाने फुटतात व रुग्ण दगावू शकतो. म्हणून सीरम ओ पेशींबरोबरही तपासावे लागते. ते या पेशी गोळा करते, स्वतःच्या नाही. युलेक्स युरोपियस वनस्पतीच्या बियांपासून मिळणाऱ्या अँटी-एच लेक्टिनने रुग्णाच्या पेशी गोळा झाल्या नाहीत, तर निदान बळकट होते. लाळेतील एच पदार्थ तपासून पॅरा-बॉम्बे प्रकार वेगळा काढता येतो. त्यात एफयूटी२ जनुक कार्यक्षम असल्यास तो लाळेत सापडतो.

अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. तांबड्या पेशी शीतपेटीत काही आठवडेच टिकत असल्याने रक्तपेढ्यांची भिस्त साठ्यापेक्षा नोंद केलेल्या दात्यांवर असते, आणि शोधाची सुरुवात रुग्णाच्या भावंडांपासून केली जाते.