कोपऱ्यात अडणारा कंगोरा

रेव्हिट, आर्किकॅड किंवा स्केचअपसारख्या इमारती रचायच्या संगणक प्रणालीत ग्रीक-रोमन धाटणीची नक्षीदार भिंत उभी करायची, तर मुख्य काम दोन रेघांचं असतं. पहिली रेघ कंगोऱ्याच्या छेदाची: कुठे फुगवटा, कुठे खोबण, कुठे नुसती सपाट पट्टी. दुसरी रेघ त्या छेदाच्या वाटेची. छेद वाटेवरून ओढला की भिंतीच्या माथ्यावर कॉर्निस तयार. ओढलेला आकार भिंतीतून वजा केला की दगडी सांध्यांसारख्या खाचा. छेद ओढण्याच्या आज्ञेला स्केचअप ‘फॉलो मी’ म्हणतं, रेव्हिट ‘स्वीप’. नावं कालची आहेत. कसब गिलावा करणाऱ्यांचं आहे.

युरोपातले कारागीर जस्ताच्या पत्र्यात कंगोऱ्याचा छेद उलटा कापत, कानशीने कडा नितळ करत, पत्र्यामागे आधाराला फळी लावत आणि हा फर्मा लाकडी घोडीवर बसवत. भिंतीवर ठोकलेल्या पट्टीला घोडी टेकवायची आणि ओल्या मालावरून सरळ ओढत न्यायची. पहिल्या फेरीत आकार ओबडधोबड उमटतो, जागोजागी खड्डे राहतात. पुन्हा माल भरायचा, पुन्हा ओढायचं. जिप्सम झपाट्याने आवळतं, त्यामुळे मध्येच हात थांबवायची सोय नाही. आपल्याकडेही पीओपीची कॉर्निस पत्र्याच्या फर्म्याने जागेवरच ओढली जाते. पण घोडी कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, कारण तिच्या पुढच्या टोकाला समोरची भिंत अडवते. उरलेला तुकडा दोन्हीकडच्या कडा जुळवत हातानेच भरावा लागतो. कारागिराची खरी परीक्षा तिथे.

संगणकावर ही कटकट संपली, असं वरवर वाटतं. काटकोनात दोन्ही बाजू ४५ अंशांवर आपसूक जुळतात. पण वाट गोलाईत फिरली आणि आतल्या बाजूला कंगोरा त्या गोलाईच्या त्रिज्येपेक्षा जास्त पुढे आला, की पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. मग आज्ञा तरी फसते, नाहीतर दुमडलेला, चुरगळलेला आकार पदरात पडतो.

खिडकीचं कूळ थोडं निराळं. तिथे ओढण्यापेक्षा प्रमाणाला मान. व्हिन्योला या इटालियन वास्तुकाराने १५६२ साली पाच स्तंभशैलींचे नियम छापले. त्याने फूट-इंच धरलेच नाहीत. खांबाच्या बुडाची त्रिज्या म्हणजे एक एकक, आणि बाकी सगळं त्याच्या पटीत. चौथऱ्यासह एकूण उंचीचे १९ भाग करायचे: ४ चौथऱ्याला, १२ खांबाला, ३ वरच्या तुळवटाला. त्याच्याच देशातल्या पॅलाडिओ या वास्तुकाराने १५७० साली खिडकीभोवतीच्या पट्टीचा हिशेब दिला: उघाडाच्या रुंदीच्या एक षष्ठांशाहून कमी नको, एक पंचमांशाहून जास्त नको. म्हणजे १२० सेंटिमीटरच्या खिडकीला २० ते २४ सेंटिमीटरची पट्टी. आज आपण खिडकीच्या रुंदीचा आकडा बदलतो आणि भोवतालची नक्षी त्या बेताने सरकते, तेव्हा पडद्याआड अशीच सूत्रं काम करत असतात. १९८२ साली बुडापेस्टमध्ये सुरू झालेल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीने आर्किकॅडच्या दारं-खिडक्यांसाठी जीडीएल नावाची स्वतंत्र भाषाच वापरली. तिच्यात खिडकी ‘काढली’ जात नाही, तिची मापं आणि त्यांची आपसातली नाती लिहिली जातात.

एकाच खिडकीच्या चाळीस प्रती, आणि मूळ बदललं की चाळीसही बदलायच्या, ही सोय इव्हान सदरलँडची. एमआयटीत १९६३ साली सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या संगणक प्रणालीत त्याने मूळ आकृती आणि तिच्या प्रती अशी व्यवस्था केली होती. कॉर्निसखालची दातांची ओळ, अंड्या-बाणांची माळ, हे सगळं आज त्याच पद्धतीने मांडलं जातं.

आणि ओळ आली की पुन्हा कोपरा आला. डोरिक मंदिराच्या तुळवटावर ट्रायग्लिफ नावाचे, तीन उभ्या पट्ट्यांचे ठोकळे असतात. नियम दोन: ठोकळा खांबाच्या बरोबर मध्यावर हवा, आणि ओळ कोपऱ्यावर ठोकळ्यानेच संपायला हवी. कोपऱ्यात हे दोन्ही एकदम साधत नाही. ग्रीकांनी कोपऱ्याचे खांब आत ओढून वेळ निभावली. पार्थेनॉनमध्ये ते दिसतं. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसने ठोकळा खांबाच्या मध्यावर ठेवून कोपऱ्याला ठोकळ्यांमधल्या रिकाम्या चौकटीचा तुकडा सोडायला सांगितलं. त्यानेच नोंदवलंय की हर्मोजिनीज या वास्तुकाराने डोरिक मंदिरासाठी जमवलेला संगमरवर याच पेचापायी आयोनिक शैलीत वापरला. संगणकही विचारतो: अंतर कायम ठेवू की संख्या? अंतर कायम ठेवलं तर शेवटी अर्धा दात उरतो. संख्या कायम ठेवली तर शेजारच्या भिंतीवरचे दात वेगळ्या अंतराने पडतात.

म्हणून नक्षीदार दर्शनी भाग रचताना लांबलचक सरळ भिंतीपासून सुरुवात करू नये. ती कोणतीही आज्ञा ओढून देते. आधी कोपरे आणि खांबांचे मध्य पक्के करावेत, तिथे कोणता ठोकळा, कोणता दात येणार ते ठरवावं, आणि मग मधल्या लांबीचे समान भाग पाडावेत. या क्रमाने आखलेल्या भिंतीवर खिडकीची रुंदी उद्या बदलली तरी कोपऱ्यात अर्धा दात उरणार नाही.